रात्री तीनचा उंचवटा : पाच साइटींच्या एका सर्व्हरचं प्रकरण

२२ तारखेला संध्याकाळी केळीभावाचं पान उघडेना, तेव्हा पहिला फोन रावेरकडून आला. दुसरा यावलहून. तिसरा अण्णांचा, वधू-वरचे फोटो अर्धेच दिसतात म्हणून. होस्टिंगचं पॅनेल उघडलं तर वर लाल पट्टी: महिन्याचा १ टीबी डेटा संपला, पोर्टचा वेग १ जीबीपीएसवरून १० एमबीपीएसवर आणला आहे. महिना सरायला आठ-नऊ दिवस बाकी होते, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच होऊन गेली होती.

सर्व्हर कोणा एकाचा नाही. जळगाव-धुळ्याकडच्या पाच जणांच्या पाच साइटी एकाच भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या वेगळ्या काढून दिलेल्या एका भागावर, राहतात आणि वर्षाचं भाडं वर्गणीतून निघतं. नाना निवृत्त शिक्षक. गावोगावच्या बायकांकडून आखाजीची, कानबाई देवीच्या उत्सवाची, लग्नातली अहिराणी गाणी रेकॉर्ड करून ते चढवतात. अण्णा समाजाचं वधू-वर सूचक चालवतात. रावेरकडचा एक तरुण रोज केळीचे भाव टाकतो. उरल्या दोन, एक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची आणि एक गावाची. त्यांचा या प्रकरणात फारसा हात नाही. सर्व्हर सांभाळतो मी, भुसावळहून, नोकरी सांभाळून. पगार नाही, पण सर्व्हरवर काहीही करू देणारा रूट पासवर्ड माझ्याकडे. सामुदायिक कामात यालाच सत्ता म्हणतात.

त्या रात्री आम्ही फोनवर बैठक घेतली. माझ्याकडे एडब्ल्यूस्टॅट्सचा अहवाल होता. अपाची सर्व्हर प्रत्येक विनंतीची एक ओळ लॉगमध्ये लिहितो आणि हा प्रोग्रॅम त्या ओळी मोजून तक्ता काढतो. २२ दिवसांचा हिशेब असा: गाणी ५१० जीबी, वधू-वर ३९५, बाकी तिन्ही मिळून ६२. बेरीज ९६७. होस्टिंगवाल्याचे १,००० आणि आपले ९६७, मधले ३३ 'हेडर-बिडर असतील' म्हणून मी सोडून दिले; हेडर म्हणजे प्रत्येक उत्तराच्या पुढे जाणारी छोटीशी माहिती. बेरीज इतकी जुळल्यावर शंका कोण घेणार?

मी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती सगळ्यांना फार आवडली. सर्व्हरची रहदारी काढून दाखवणाऱ्या मुनिनच्या आलेखात रोज रात्री तीनच्या सुमारास एक ठळक उंचवटा दिसायचा. मी म्हणालो, हे आपले केळीवाले शेतकरी. थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीला येते, माणूस मोटर सुरू करून बांधावर बसतो, हातात मोबाइल, मग भाव बघतो. रावेरचा तरुण तर खूश झाला. खानदेशात ज्याने रात्रीचं पाणी भरलंय त्याला हे पटायला पुरावा लागत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

आरोपी म्हणून उरले नाना. निम्म्याहून जास्त डेटा गाण्यांचा. आखाजीला सुरत, नाशिक, पुण्यात राहणारी आपली माणसं गौराईची गाणी ऐकतात, हेही सगळ्यांना ठाऊक. नाना एवढंच म्हणाले, "भाऊ, मन्हा गाना इतला कोन ऐकस रे?" आम्ही हसलो. ठरलं असं की गाणी दाबून १२८ केबीपीएसवरून (गाण्याच्या एका सेकंदाला किती डेटा, ते माप) ४८ वर आणायची. पाच मिनिटांचं गाणं ४.८ एमबीचं १.८ एमबी होतं; बायकांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, पण ऐकू येतो. नानांनी तीन दिवस बसून सगळी गाणी बदलली आणि जुन्या फायली काढून टाकल्या. काढून टाका असं मीच सांगितलं होतं, डिस्क भरत आली होती.

त्याच बैठकीत अण्णांनी सुचवलं की गाण्यांचा वेगच कमी कर. अपाचीत मॉड-रेटलिमिट नावाची सोय आहे, तिने प्रत्येक उत्तर पाठवण्याचा वेग बांधता येतो. हे करू नका, असं मी का म्हणालो ते सांगतो, कारण हा गोंधळ सगळीकडे दिसतो. बँडविड्थ म्हणजे खरं तर पाइप किती इंची, हे माप. महिन्याचा कोटा म्हणजे विहिरीतून एकूण किती पाणी उपसलं, हे माप. होस्टिंगवाले दोन्हीला बँडविड्थच म्हणतात. चार इंचीच्या जागी दोन इंची पाइप टाकला तर तेवढंच पाणी जास्त वेळ लागून जातं. विहीर काही वाचत नाही. उलट हिशेब बघा: १ टीबी ३० दिवसांत सारखा पसरला तर सरासरी वेग जेमतेम ३ एमबीपीएस भरतो. आणि आम्हाला शिक्षा म्हणून दिलेल्या १० एमबीपीएसच्या पाइपातून महिनाभर अखंड पाणी सोडलं तर सव्वातीन टीबी जातील, म्हणजे कोट्याच्या तिपटीहून जास्त. शिक्षा कोटा वाचवण्यासाठी नव्हतीच. सगळे एकाच वेळी, संध्याकाळी सात ते दहा, नळावर येतात, त्यामुळे ती जाचते.

नवा महिना लागला. मी रोज पॅनेल बघत होतो. गाणी निम्म्याहून लहान झाली, म्हणजे आठवड्याला सुमारे १०० जीबी कमी व्हायला हवे होते. आधीच्या महिन्यात आठवड्याला सरासरी ३१८ जात होते, पहिल्या आठवड्यात गेले २८०. कमी झाले फक्त ३८. लॉगची बेरीजही या वेळी जुळेना: एडब्ल्यूस्टॅट्सचे २०४, होस्टिंगवाल्याचे २८०. इतके दिवस जुळणारी बेरीज एकदम ७६ जीबीने कशी बिघडते?

शनिवारी सुटी होती. आधी मोजमापाकडे वळलो, साइटींकडे नाही.

पहिला संशय एककांचा. सर्व्हरवर व्हीएनस्टॅट आहे. तो लॉग वाचत नाही, नेटवर्क कार्डातून किती बाइट बाहेर पडले याचे कर्नेलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, आकडे घेतो. त्याचा आकडा २६१. पॅनेलचा २८०. पण व्हीएनस्टॅट जीआयबीत मोजत होता, म्हणजे १,०२४ च्या पटीत, आणि पॅनेल १,००० च्या पटीत. २६१ ला १.०७३७ ने गुणलं की २८० येतात. म्हणजे होस्टिंगवाला खरा होता. मनात त्याला चार शिव्या घालून झाल्या होत्या, त्या परत घेतल्या.

मग खोट लॉगमध्येच. अपाचीच्या नेहमीच्या लॉगमध्ये शेवटी-शेवटी बाइटांचा रकाना असतो, तो 'टक्का बी' या खुणेने भरतो. माझी समजूत होती की तो पाठवलेला डेटा. अपाचीच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की हा उत्तराचा आकार आहे, प्रत्यक्ष पाठवलेले बाइट नव्हेत. ऐकणाऱ्याने मध्येच कनेक्शन तोडलं तर दोन्हींत फरक पडतो. प्रत्यक्ष पाठवलेले बाइट, हेडरसकट, हवे असतील तर अपाचीचा मॉड-लॉगआयओ हा जोडभाग लावून 'टक्का ओ' ही खूण लिहायची. हे वाक्य मी पूर्वीही वाचलं असणार. वाचून पुढे गेलो असणार.

आता गाणं कसं ऐकलं जातं ते बघा. मोबाइलमधला प्लेअर गाणं सुरू करताना सर्व्हरला म्हणतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत दे. सर्व्हर २०६ क्रमांकाचं उत्तर देऊन अख्ख्या फायलीचा आकार लॉगमध्ये मांडतो. ऐकणारा वीस सेकंदांनी पुढच्या गाण्यावर जातो, कनेक्शन तुटतं. कोणी गाण्याच्या मधोमध बोट सरकवतं, प्लेअर तिथून शेवटपर्यंत पुन्हा मागतो, पुन्हा नवी ओळ, पुन्हा मोठा आकडा. एका बाईने एक गाणं तीनदा मागे-पुढे करून ऐकलं की लॉगमध्ये तीन-चार गाणी चढतात. नानांच्या खात्यावर न विकलेला माल विकलेला म्हणून मांडला जात होता.

दोन्ही रकाने शेजारी-शेजारी लिहायला लावले, ओळीत साइटचं नावही घातलं, आणि पुढचे सात दिवस हात लावला नाही. त्याही आठवड्यात पॅनेलचा आकडा २८० च्याच घरात राहिला. निकाल असा: गाणी लॉगच्या जुन्या रकान्यात ६२ जीबी, प्रत्यक्षात २९. वधू-वर १२४ आणि ११७. केळीभाव ३ आणि ४. शाळा आणि गाव मिळून १५ आणि १४.

केळीभावाचा खरा आकडा जुन्यापेक्षा मोठा निघाला, याची मला गंमत वाटली. कारण साधं आहे. पान लहान, लोक दिवसात दहादा ताजं करतात, आणि भाव बदलला नसेल तर सर्व्हर ३०४ म्हणतो, 'तुझ्याकडचंच चालव'. अशा उत्तरात मजकूर शून्य, हेडर तेवढे जातात. जुना रकाना हेडर मोजतच नव्हता. विनंत्यांच्या संख्येत ही साइट पहिली, डेटात शेवटची. शिवाय तिचा मजकूर जाताना दाबून जातो. यूनिकोडमधलं 'जळगाव' पाच खुणांचं, प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांची, म्हणजे पंधरा बाइट; पण तेच शब्द पुन्हा-पुन्हा येत असल्याने जीझिप हा मजकूर दाबणारा प्रोग्रॅम त्याचं फार थोडं करून टाकतो. एमपी३ आणि जेपीजी आधीच दाबलेले असतात, त्यांवर जीझिप चालवणं म्हणजे उसाच्या चिपाडाला पुन्हा चरकात घालणं.

खऱ्या रकान्याची बेरीज १६४. पॅनेलचे २८०. म्हणजे ११६ जीबी वेबच्या लॉगमध्ये कुठेच नाहीत. सातने भागलं: रात्रीला साडेसोळा.

रात्रीला. हा शब्द माझ्या मनात आपोआप आला आणि मी थांबलो.

तीन वाजता सर्व्हरवर एक स्क्रिप्ट चालते. पाचही साइटींची एक गठडी बांधते आणि माझ्या भुसावळच्या घरी जुन्या संगणकावर पाठवते. ती मीच लिहिलेली. सर्व्हर नवा होता तेव्हा गठडी दीड-दोन जीबीची असायची, म्हणून रोज अख्खी पाठवणं सोपं वाटलं होतं. मग अण्णांचे फोटो वाढले, नानांची गाणी वाढली, आणि गाणी ४८ वर आल्यावर थोडी घटूनही गठडी साडेपंधरा जीबीची होती. सात रात्रींचे १०८.५. त्यात १६४ मिळवले, वर प्रत्येक पाकिटामागे टीसीपी-आयपीच्या हेडरचे पावणेतीन टक्के धरले, की बरोबर २८० च्या घरात. बॅकअप एसएसएच या वेगळ्या वाटेने जातो, वेबवरून नाही, म्हणून अपाचीला त्याचा पत्ता नसतो.

म्हणजे आखाजीच्या महिन्यात दोन चुका एकमेकींना झाकून उभ्या होत्या. गाण्यांच्या खात्यावर न गेलेले तीनशेवर जीबी जास्त चढले होते आणि माझ्या बॅकअपचे गेलेले तीनशेवर जीबी कुठेच नव्हते. वजा-अधिक बरोबरीत सुटले. गाणी लहान झाली तेव्हा एक चूक आकुंचली आणि दुसरी उघडी पडली.

रात्रीच्या शेतकऱ्यांचं काय? मी केळीभावाचा लॉग तासागणिक फोडून पाहिला. रात्री एक ते चार खरोखरच लोक येतात, दुपारच्या मानाने कमी, पण येतात. पाणी भरणारा माणूस तिथे आहे. फक्त त्याचं सगळं मिळून जे जातं ते आलेखात रेघेच्या जाडीएवढंही दिसलं नसतं. माझी गोष्ट विनंत्यांना खरी होती आणि जीबीला खोटी. बैठकीत ती सांगताना मी आलेखावरचं एकक वाचलंच नव्हतं.

बॅकअपचं काम अर्ध्या तासात झालं: आरसिंकने फक्त बदललेल्या फायली, रात्रीला साधारण ४०० एमबी. त्यापेक्षा अवघड निघालं वधू-वर.

अण्णांच्या यादीच्या एका पानावर २४ स्थळं दिसतात. प्रत्येकाचा फोटो अंगठ्याएवढा, पण फाइल मोबाइलच्या कॅमेऱ्यातून आली तशी, तीन-साडेतीन एमबीची. ब्राउझर ती अख्खी उतरवून मग बारीक करून दाखवतो. पान पूर्ण उघडलं की ८० एमबीच्या आसपास. कोणाचा दीड जीबीचा रोजचा पॅक असेल तर अठरा-वीस पानांत संपला. इमेजमॅजिकने २० केबीच्या लहान प्रती काढल्या, मूळ फोटो दाबल्यावरच उघडेल असं केलं. पान अर्ध्या एमबीच्या खाली आलं. हे सरळ काम.

पण लॉग उघडलाच होता म्हणून मी मागणारे कोण तेही पाहिलं. एडब्ल्यूस्टॅट्स माणसांची रहदारी वेगळी दाखवतो आणि बॉट, म्हणजे आपोआप पानं उतरवणारे प्रोग्रॅम, वगैरेंची 'न पाहिलेली' म्हणून वेगळी. अण्णांच्या साइटवर डेटाचा चांगला मोठा हिस्सा न पाहिलेल्या रकान्यात होता, आणि जे बॉट स्वतःला ब्राउझर म्हणवतात ते त्यात धरलेलेही नव्हते. शोधयंत्रांचे, जाहिरातवाल्यांचे, अलीकडे एआयसाठी मजकूर गोळा करणारे. ते काय उतरवत होते? आपल्या पोरींचे फोटो. नाव, शिक्षण, जन्मवेळ, वडिलांचा मोबाइल नंबर. रोबोट्स फाइलमध्ये 'येऊ नका' लिहिता येतं, पण ती विनंती असते, कुंपण नव्हे. कोटा किती उरला हा प्रश्न मला त्या संध्याकाळी क्षुल्लक वाटला.

अण्णांना लॉगिन नको होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: खेड्यातला बाप पासवर्ड विसरतो, मग स्थळच बघत नाही. शिवाय त्यांच्या मेळाव्याच्या पत्रिकेवर 'महिन्याला ५० हजार भेटी' असं छापलं होतं. तो आकडा मी तपासला. त्या भेटी नव्हत्या, हिट होत्या, म्हणजे मागितलेल्या एकेका फायलीची मोजणी. २४ फोटोंचं पान एकदा उघडलं की पंचविसाहून जास्त हिट पडतात. खऱ्या माणसांचा आकडा मी अण्णांना दिला नाही, कारण तो मलाही नक्की मिळत नाही. वेगळा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) म्हणजे वेगळा माणूस असं हे प्रोग्रॅम धरतात, पण मोबाइल कंपनीच्या एका आयपीमागे शेकडो जण असतात, आणि एकाच माणसाचा आयपी दिवसात चारदा बदलतो. मी म्हणालो, "अण्णा, आकडा दहापटीने खाली येईल, त्याहून नेमकं मला सांगता येत नाही." ते दोन दिवस बोलले नाहीत. मग फोन आला, त्यांच्याच पुतणीचा फोटो कुठल्याशा परक्या साइटवर कोणीतरी पाहिला होता. त्यानंतर लॉगिन झालं. पासवर्ड नाही, मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो.

वाटपाचा विषय राहिला होता. एकाचं म्हणणं, पाच साइटी, प्रत्येकी २०० जीबी, भांडणच नको. ऐकायला न्याय्य आहे. पण केळीभावाला महिन्याला १६-१७ जीबी पुरतात, त्याच्याकडे पडून राहतील, आणि आखाजीला नाना कोरडे. धुळ्याकडच्या सभासदाने पांझरेकाठची फड पद्धत काढली. बंधाऱ्याचं पाणी तिथे शेतकऱ्यागणिक सारखं वाटत नाहीत. जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एक पीक, पाणी सोडायला पाटकरी, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा हे गावाने आधी ठरवलेलं. भांडण होतं ते टंचाईत ठरवायला बसलं तर.

आम्ही तसंच केलं. कोटा सामायिक. व्हीएनस्टॅटचा आकडा ८० टक्क्यांवर गेला की पाचही जणांना संदेश, आणि बंद काय होणार त्याचा क्रम आधीच लिहिलेला: प्रथम वधू-वरचे मूळ आकाराचे फोटो, मग गाण्यांच्या मोठ्या प्रती जाऊन लहान प्रती, मग शाळेचे व्हिडिओ. केळीभाव कधीच नाही. क्रम बदलायचा असेल तर बैठक. पाटकऱ्याला, म्हणजे मला, तो हक्क नाही. शिवाय बॅकअपही आता त्या यादीत साइट म्हणून धरलाय, सहावी. महिन्याच्या तक्त्यात त्याची ओळ सगळ्यांना दिसते.

एक किरकोळ गोष्ट, कोणाला उपयोगी पडली तर: लॉगरोटेट रात्री लॉगची घडी घालतो, म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करतो, आणि एडब्ल्यूस्टॅट्स त्यानंतर चालला तर मधल्या ओळी हुकतात. आमच्या हुकत होत्या. मोजणी आधी, घडी नंतर, असा क्रम लावून घ्या.

या सगळ्यानंतर आठवड्याचा आकडा १०० जीबीच्या आत आला. ८० टक्क्यांचा संदेश अजून एकदाही गेलेला नाही.

नानांची गाणी पुन्हा १२८ वर चढवायची होती. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं, बॅकअपसकट. ते रागावले नाहीत. म्हणाले, पेन ड्राइव्ह शोधतो. मूळ फायली माझ्या घरच्या बॅकअपमध्ये असायला हव्या होत्या, पण जागा नाही म्हणून तिथे सातच रात्रींच्या गठड्या राहायच्या आणि त्या केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. रोज अख्खी गठडी पाठवून कोटा खाल्ला, आणि हवी तेव्हा ती नव्हती. नानांच्या पेन ड्राइव्हवर आणि एका जुन्या फोनच्या कार्डावर बहुतेक सापडली. नऊ सापडली नाहीत. ती ४८ वरच आहेत. त्यातली चार आखाजीची, आणि ज्या आजींनी ती म्हटली होती त्यांना आता दम लागतो. नाना म्हणतात, कानबाईच्या रविवारी एकदा जाऊन बघू.